देवाला सफरचंदं, टांझानियाला गंजीफ्रॉक

त्या पोत्यांना जो वास येत होता त्याला मराठीत शब्द नाही, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "शब्द आहे. पण मी पोळ्या लाटतेय, तेव्हा आत्ता सांगू नका. आणि आधी अंघोळ करा."

फुटबॉलचा वर्ल्डकप जर्मनीत होऊन गेला, त्याच वर्षीच्या सप्टेंबरातली ही गोष्ट. आम्ही तेव्हा श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात राहत होतो. मी गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होतो आणि मुलगी चर्चच्या किंडरगार्टनमध्ये जायची. आम्ही बौद्ध. पण तिथे चर्चचंच किंडरगार्टन घराजवळ होतं, आणि पाच वर्षांच्या मुलीला सकाळी बर्फातून लांब न्यायची वेळ आली की धर्माचा फारसा विचार होत नाही.

मी त्या पोत्यांपर्यंत कसा पोचलो, तर माझ्या मान डोलवण्याच्या सवयीमुळे. पालकसभेला दिवसभराचं काम उरकून गेलो की मला जर्मन फक्त सूर म्हणून ऐकू यायचं. अशा वेळी मी "या, या, गेनाऊ", म्हणजे "हो, हो, अगदी बरोबर", म्हणत मान डोलवायचो. त्या सभेत कोणीतरी काहीतरी विचारलं, मी "गेनाऊ" म्हणालो, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कळलं की चर्चने आफ्रिकेसाठी गोळा केलेले जुने कपडे निवडायला मी आपण होऊन पुढे आलो होतो.

चर्चच्या सभागृहाखाली केलर होतं, म्हणजे तळघर. तिथे निळ्या प्लास्टिकची पोती छताला टेकली होती. चर्चमध्ये एक मिशन-मंडळ होतं आणि ते एका बाई चालवायच्या. उंच, गुलाबी, सदा उत्साही. टांझानियातल्या एका डोंगरी गावाच्या चर्चशी यांची बरीच वर्षं भागीदारी होती. म्हणजे इकडून कपडे जायचे आणि तिकडून फोटो यायचे. बाईंनी पहिल्याच भेटीत माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "आमचे हिंदू मित्र."

"मी बौद्ध आहे," मी म्हणालो.

"आल्झो, म्हणजे तेच ते," बाई म्हणाल्या आणि पुन्हा हात जोडले.

मी पहिलं पोतं उघडलं आणि मागे सरकलो. वर बगलेत पिवळे पडलेले गंजीफ्रॉक होते, नुसते पिवळे नव्हे, कडक झालेले. त्याखाली लांब चड्ड्या, ज्यांच्याबद्दल मी आजही जास्त बोलणार नाही. एका पायाचे मोजे. कुत्र्याच्या केसांनी भरलेला स्वेटर. कार्निव्हलचा विदूषकाचा झगा, नाकासकट. स्कीचा एक बूट. दुसरा शोधायला मी निम्मी पोती उपसली, कारण क्वालिटीच्या माणसाला जोडी लागते. तो नव्हताच. तळाशी गाडीच्या खिडकीला लावायचे प्लास्टिकचे जर्मन झेंडे होते. वर्ल्डकप संपल्यावर त्यांचं करायचं काय, हा प्रश्न बहुतेक सगळ्या शहराला पडला असावा.

कारखान्यात दाराच्या फटीत केसाएवढा फरक आला तर मी गाडी बाजूला काढायचो. त्याच शिस्तीने मी तीन ढीग केले. चालेल, धुऊन चालेल, आणि फेकायचं. तासाभरात तिसरा ढीग माझ्या कमरेला आला आणि पहिल्यात एक टोपी होती. बाई खाली आल्या, तिसऱ्या ढिगापाशी थांबल्या आणि त्यातला एक गंजीफ्रॉक दोन बोटांनी उचलून उजेडात धरला.

"याला काय झालं? हा अजून चांगला आहे."

"वास येतो," मी म्हणालो.

"तिकडे ऊन असतं. उडून जातो." त्यांनी तो पोत्यात परत टाकला. मग दुसरा. मग त्या गाणं गुणगुणत माझा सगळा तिसरा ढीग पोत्यात भरू लागल्या. "ती माणसं किती खूश होतात, तुम्हाला कल्पना नाही. तुम्हाला तर असेलच म्हणा."

मला होती. पण ती त्यांना वाटत होती तशी नव्हती.

आमच्या आईचे दोन-तीनच नियम होते, आणि त्यातला एक कधी मोडला नाही. उतरलेलं अंगाला लावायचं नाही. तिच्या आईच्या काळी गावकीत आमच्या लोकांच्या वाट्याला मढ्यावरचं कापड यायचं. लोक ते हक्क म्हणून सांगायचे. धम्म घेतल्यावर ते सुटलं, पण आईच्या अंगातून त्याची शिसारी गेली नाही. मी शाळेत असताना एका गुरुजींनी त्यांच्या मुलाचा स्वेटर मला दिला. निळा होता, बराच चांगला. आईने तो घडी घालून परत पाठवला आणि मला सांगितलं, "थंडी वाजली तर पळ." त्या हिवाळ्यात मी इतका पळालो की जिल्ह्याच्या स्पर्धेत निवड झाली. तिथे शेवटचा आलो, कारण त्या दिवशी ऊन पडलं होतं.

तर असा मी, वयाच्या चाळिशीत, पोट सुटलेला, परक्या देशाच्या तळघरात दुसऱ्यांच्या उतरलेल्या चड्ड्या निवडत उभा होतो. आई बघायला नव्हती तेच बरं, असं वाटलं आणि मग ते वाटल्याचंही वाईट वाटलं.

आमच्या वरच्या मजल्यावर टांझानियाची एक तरुणी राहायची. विद्यापीठात मातीवर डॉक्टरेट करत होती. ती मला "जिरानी" म्हणायची. स्वाहिलीत जिरानी म्हणजे शेजारी. रविवारी ती खाली येऊन बायकोचा आल्याचा चहा प्यायची. त्या रविवारी मी पोत्यांचं वर्णन सुरू केलं. मला वाटलं, हसेल. तिने कप खाली ठेवला.

"कोणत्या गावाला जातायत?" तिने विचारलं. मी नाव सांगितलं.

"ते आमचं गाव," ती म्हणाली. "ती पोती माझे बाबा उघडतात."

मग तिने सांगितलं ते मी सांगतो तेवढं सोपं नव्हतं, कारण ती मधेमधे थांबत होती. तिचे वडील निवृत्त शिक्षक आणि तिथल्या चर्चचे वडीलधारे. रोज कोळशाच्या इस्त्रीने स्वतःचा शर्ट कडक करणारे. तिथली पद्धत अशी, की देवाच्या नावाने आलेलं काहीही लपवायचं नाही, उपासनेनंतर सगळ्यांसमोर हातात धरून दाखवायचं आणि आभार मानायचे. मागच्या नाताळात त्यांनी जर्मनीचं पोतं सगळ्या गावासमोर उघडलं, हात घातला, आणि हातात आली ती बाईची मळकी चड्डी. म्हातारा माणूस ती हातात धरून उभा राहिला. मागच्या बाकावरची पोरं हसली. तरी त्यांनी आभार मानले आणि फोटोही काढला, कारण फोटो मागितला होता. घरी गेल्यावर जेवले नाहीत.

"या नाताळातही तेच उघडणार?" बायकोने विचारलं.

"तेच उघडतात. दुसऱ्याला करू देत नाहीत. म्हणतात, मी केलं तर लाज माझ्यापाशी राहील."

मी म्हणालो, "उद्याच जाऊन त्या बाईंशी भांडतो."

"जिरानी, तू पालकसभेत भांडू शकला नाहीस," ती म्हणाली. बायको उगाचच हसली. "आणि ही खोली मला त्यांनीच शोधून दिली. मी एकदा बोलून पाहिलंय. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, आम्ही बदल्यात काही मागत नाही, बाळ."

मी चर्चला, मिशनला, आख्ख्या युरोपला मराठीत शिव्या घातल्या. ती शांतपणे म्हणाली, "मिशनला नको. माझ्या पणजोबांना बाप्तिस्म्याच्या दिवशी सदरा मिळाला होता. नवा. त्यांच्या मापाने शिवलेला. तो अजून घरी आहे. देव चांगला आहे, जिरानी. ही माणसं फक्त आळशी झालीयत."

मला ते पटलं नाही, अजूनही फारसं पटलेलं नाही. पण चर्चवर चिडायचा हक्क माझ्यापेक्षा तिला जास्त होता, आणि ती चिडत नव्हती. मग मी चहा प्यालो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचा एर्न्टेडांक असतो, पीक घरात आल्याबद्दल देवाचे आभार मानायचा सण. त्या दिवशी दुपारी सभागृहात आफ्रिकेचा कार्यक्रम होता आणि वरच्या मजल्यावरच्या तिला आणि मला, दोघांनाही बोलावणं होतं. मला राष्ट्रीय पोशाखात. माझ्याकडे राष्ट्रीय म्हणावा असा एकच पोशाख होता, लग्नातला कुर्ता, जो लग्नानंतर पुन्हा मला बसला नव्हता. बायकोने बगलेत उसवून दिला आणि म्हणाली, "अहो, आज हात वर करू नका."

चर्चमध्ये वेदीपुढे पीक मांडलं होतं. सफरचंदं फडक्याने पुसून चकचकीत केलेली, एकावर डाग नाही. भोपळे, द्राक्षं, गव्हाच्या ओंब्या, केवढा तरी मोठा पाव. वरच्या मजल्यावरची ती माझ्या शेजारी उभी होती. ती त्या सफरचंदांकडे बराच वेळ बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, "यांना माहीत आहे की. देवाला काय द्यायचं ते यांना बरोबर माहीत आहे."

मग सभागृहात आफ्रिकी जेवण. भातात शेंगदाण्याचं लोणी, डब्यातला अननस, केळं, कोंबडी आणि करी पावडर. करी पावडर कशाला, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "तुमच्या सन्मानार्थ." ते सगळं कोमट आणि गोड होतं आणि जिभेला चिकटत होतं. माझ्याबरोबर आलेल्या मुलीने एक घास तोंडातून काढून माझ्या ताटात ठेवला आणि "इगिट", म्हणजे "शी", म्हणाली. या मुलीला आम्ही मराठीत विचारलेलं सगळं कळतं आणि ती उत्तर जर्मनमध्ये देते, पण त्या दिवशी बापाच्या मनातलंही तिने जर्मनमध्ये सांगितलं.

मग पडद्यावर चित्रं. नागडी पोरं, नाकाखाली शेंबूड, डोळ्यावर माशी. बाई म्हणत होत्या, "काहीच नाही यांच्याकडे, आणि बघा, हसतायत." एका चित्रात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले म्हातारे गृहस्थ हातात काहीतरी धरून कॅमेऱ्याकडे बघत होते. ते हसत नव्हते. हातातलं काय ते बाईंनी पाहिलंही नसावं, त्या म्हणाल्या, "आणि हा त्यांचा आनंद." सभागृहाने "आह" असा मऊ आवाज काढला. मी शेजारी पाहिलं. ती पडद्याकडे सरळ बघत होती.

"आता आपली आफ्रिकी मैत्रीण आपल्याला काहीतरी गाऊन दाखवेल," बाई म्हणाल्या. कोणीतरी तिच्याकडे ढोल सरकवला.

ती उभी राहिली, ढोल बाजूला ठेवला आणि स्वच्छ जर्मनमध्ये बोलू लागली. ऐकून पुढच्या रांगेतला एक जण दचकला. ती म्हणाली, गाण्याऐवजी आमच्या चर्चची एक पद्धत दाखवते. आम्ही तिला म्नाडा म्हणतो, म्हणजे लिलाव. आमच्याकडे लोक देवाला कोंबडी आणतात, अंडी, उसाची मोळी, केळ्यांचा घड. उपासना झाली की बाहेर झाडाखाली त्याचा लिलाव होतो. आणलेली वस्तू सगळ्यांना दाखवायची. ज्याने हात वर केला त्याने टोपलीत पैसे टाकून घ्यायची. आणि घेतली ती स्वतः घरी न्यायची.

लोक फार खूश झाले. "कोंबडी आहे का?" कोणीतरी विचारलं.

"कोंबडी नाही मिळाली," ती म्हणाली. "पण तुमचंच दान आहे, खाली. जिरानी, आणतोस का?"

हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी आजारी पडलो असतो. मी केलरमध्ये गेलो आणि एकेक पोतं पाठीवर घेऊन वर आणू लागलो. घामाने कुर्ता भिजला. तिने मला टेबलावर चढायला सांगितलं. चढलो. तिने पोत्यात हात घालून पहिला गंजीफ्रॉक काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही हातांनी वर धरला आणि माझ्या बगलेची शिवण, बायको म्हणाली होती तशी, शेवटपर्यंत गेली.

सभागृह हसलं. माझ्या बगलेला हसलं की गंजीफ्रॉकच्या, ते मला कळलं नाही.

"शुद्ध सुती," ती म्हणाली. "थोडा पिवळा आहे. कोण घेतं?"

हसू थोडं कमी झालं. मग मागून एकाने गंमत म्हणून हात वर केला, आणि मग गंमतच सुरू झाली. विदूषकाचा झगा गेला. स्कीचा एकटा बूट गेला. घेणाऱ्याने तो डोक्यावर ठेवून दाखवला. आफ्रिकेची माणसं किती आनंदी असतात, असं माझ्या पायाशी बसलेली एक बाई दुसरीला म्हणाली. माझ्या हातांना ते कडक, थंड, चिकट कपडे एकामागून एक लागत होते आणि खालून केक आणि कॉफीचा वास येत होता. मला त्या लोकांची किळस आली. त्यांना अजून कळत नव्हतं, आणि ते हसत होते. मिशनच्या बाई मात्र हसत नव्हत्या.

मग तिने एक ड्रेसिंग गाउन काढला. तपकिरी, चौकटींचा, जाडजूड. मी तो पसरून धरला. पुढच्या भागावर मोठा सुकलेला डाग होता.

"तो माझा," दुसऱ्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. काठी टेकून त्या उभ्या राहिल्या. "म्हणजे माझ्या नवऱ्याचा. तो त्यातच गेला."

मी टेबलावर तो हातात धरून उभा होतो.

"मला टाकवत नव्हता," त्या म्हणाल्या. "आणि घरात ठेववत नव्हता. मी म्हटलं, लांब कुठेतरी जाऊ दे."

वरच्या मजल्यावरची ती पुढे आली, माझ्या हातातून गाउन घेतला, नीट घडी घातली, डाग आत राहील अशी, आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी हात वर केला, लिलावात करतात तसा. बोली किती ते कोणी विचारलं नाही.

त्यानंतर कोणी हसलं नाही. मी टेबलावरून उतरलो. लोक एकेक करून पोत्यांपाशी आले आणि आपापलं ओळखून घेऊ लागले. स्वतःची चड्डी माणूस किती लांबून ओळखतो, हे मी तेव्हा पाहिलं. टोपलीत पैसे टाकायचे आणि पिशवी छातीशी धरून मान खाली घालून बाहेर.

मिशनच्या बाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा लालबुंद. "आम्ही चांगल्याच मनाने करत होतो," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर भांडले नाही. पडद्यावरचे ते पांढऱ्या शर्टातले गृहस्थ माझे बाबा आहेत. त्यांच्या हातात काय होतं, ते चित्र पुन्हा एकदा लावून बघाल का?"

बाईंनी यंत्र पुन्हा लावलं. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. मग दिवा बंद केला आणि बराच वेळ तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मला त्यांची थोडी दया आली. थोडीच.

पोती रिकामी झाली. उरला एक गंजीफ्रॉक, पहिल्या दिवशी बाईंनी उजेडात धरला होता तोच बहुतेक. कोणी ओळख दाखवली नाही. पद्धत म्हणजे पद्धत, म्हणून तो मी घेतला.

वाटेत मी तिला विचारलं, "घेतलेलं घरी न्यायलाच लागतं, हा खरंच तुमचा नियम आहे?"

"नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे अर्धे लोक घेतलेली कोंबडी परत देवालाच देतात. मग तिचा पुन्हा लिलाव होतो. आज तेवढं सांगितलं नाही."

घराच्या दारात बायको उभी होती. माझ्या हातात काय आहे ते तिने दुरूनच पाहिलं. "अहो, उतरलेलं घरात येणार नाही." मी आईचं लेकरू, मला हे सांगायची गरज नव्हती, पण तिने दारही लावून घेतलं. मी मुलीला घेऊन मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांपाशी गेलो. या देशात कागदाचा डबा वेगळा, काचेचा वेगळा, सालींचा वेगळा. कोपऱ्यावर जुन्या कपड्यांची लोखंडी पेटी. मुलीने पेटीकडे बोट दाखवलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, कपडे तिथे टाकायचे पप्पा, गरिबांसाठी. मी म्हणालो, हा कपडा नाही. ती म्हणाली, मग काय आहे? मी तो उरल्यासुरल्या कचऱ्याच्या काळ्या डब्यात टाकला आणि झाकण दाबून धरलं.

लिलावाच्या पैशांतून तिथल्या गायकवृंदासाठी तिथल्याच दुकानातून नवं कापड घेतलं गेलं. नाताळनंतर ती खाली आली, चहा घेतला आणि फोनवर कळलेलं घरचं सांगू लागली. बाबांनी सगळ्यांसमोर कापडाचा अख्खा तागा दोन्ही हातांवर धरला आणि इतकं लांब भाषण केलं की मागची पोरं झोपली. घरी येऊन दोनदा जेवले.

"लिलावाचं सांगितलंस का त्यांना?" मी विचारलं.

"सगळं सांगितलं. गाउनचंही. मग विचारलं, ते कपडे हातात कोणी धरले होते? म्हटलं, जिरानीने." तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणाले, त्याला विचार, हात नीट धुतलेस का. वास जायला वेळ लागतो."

मी कप खाली ठेवला आणि उठून पुन्हा एकदा हात धुऊन आलो.